पेटी थांबते, गाडी चालते

घरी स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर येतो तेव्हा काय होते ते आठवून पाहा. सिलिंडर आणणारा माणूस भरलेला सिलिंडर ठेवतो, रिकामा उचलतो आणि पुढच्या घरी जातो. तुमचा सिलिंडर संपेपर्यंत तो काही दारात बसून राहत नाही! ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्यात काही युक्ती असेल असे आपल्या मनातही येत नाही.

पण मालाने भरलेला ट्रक गोदामापाशी येतो तेव्हा बहुधा याच्या उलट घडते. हमाल माल उतरवत असतात आणि तोवर ट्रक व त्याचा ड्रायव्हर दोघेही नुसते उभे असतात. सिलिंडरची युक्ती ट्रकला लावता येईल काय? अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर लावली जाते. तिला तेथे ‘ड्रॉप ट्रेलर’ पद्धत म्हणतात.

एका गाडीचे दोन तुकडे

अमेरिकेतील लांब पल्ल्याचे बहुतेक ट्रक एकसंध नसतात. पुढे इंजिन व ड्रायव्हरची केबिन असलेला भाग असतो. त्याला ट्रॅक्टर म्हणतात. शेतातला ट्रॅक्टर तो हा नव्हे. मागे सुमारे १६ मीटर लांबीची मालाची पेटी असते, ती म्हणजे ट्रेलर. ट्रेलरला फक्त मागच्या बाजूला चाके असतात. त्याचे पुढचे टोक ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकलेले असते. १९१४ साली डेट्रॉइट शहरातील ऑगस्ट फ्रूहॉफ ह्या लोहाराने एका गिऱ्हाइकाची होडी मोटारीमागून नेण्यासाठी असा एक ट्रेलर बनवला. पुढे त्याने ट्रेलर बनवण्याचा मोठा कारखानाच काढला.

ट्रेलरच्या तळाशी सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची पोलादी खुंटी असते. ट्रॅक्टरच्या पाठीवर खाच असलेली एक जाड तबकडी असते. ट्रॅक्टर मागे सरकला की खुंटी खाचेत शिरते आणि कुलूप बसते. ह्या तबकडीला ‘पाचवे चाक’ म्हणतात. हे नाव घोडागाड्यांच्या काळापासून चालत आलेले आहे.

सुटलेली पेटी पळत का नाही?

ट्रॅक्टर निघून गेला तर ट्रेलरचे पुढचे टोक जमिनीवर आपटेल. म्हणून आधी हँडल फिरवून त्याचे दोन लोखंडी पाय खाली सोडतात. समजा, ह्या पायांवर १२,००० किलोग्रॅम भार आला आणि प्रत्येक पायाचा तळवा २५ सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद आहे. मग प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १० किलोग्रॅम भार पडेल. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात असे पाय रुततात. म्हणून ते काँक्रीटवर टेकवतात किंवा त्यांच्याखाली जाड फळ्या घालतात. क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो, हे तुम्ही शिकलाच आहात.

आता ब्रेकचे पाहू. ट्रेलरच्या चाकांपाशी जोरदार स्प्रिंग बसवलेली असते आणि ती ब्रेक आवळायलाच पाहत असते. ट्रॅक्टरमधून नळीने येणारी दाबाखालची हवा ह्या स्प्रिंगला मागे रेटून धरते, तेव्हाच चाके मोकळी होतात. (चालत्या गाडीचा वेग कमी करण्याचा नेहमीचा ब्रेक मात्र हवेच्या दाबानेच लागतो.) नळी काढली आणि हवा गेली, की स्प्रिंग आपोआप ब्रेक आवळते. म्हणजे हवा नसताना ट्रेलर पळत नाही, उलट जागच्या जागी घट्ट उभा राहतो. वाटेत नळी तुटली तरी हीच व्यवस्था उपयोगी पडते.

तासांचा हिशेब

आता एक साधे गणित करू. गोदामापासून दुकान दोन तासांच्या अंतरावर आहे. माल चढवायला दोन तास आणि उतरवायला दोन तास लागतात. ड्रायव्हर दोन्हीकडे थांबला तर एका खेपेला २ + २ + २ + २ = ८ तास लागतील. ड्रॉप ट्रेलर पद्धतीत गोदामातला ट्रेलर आधीच भरून ठेवलेला असतो. ड्रायव्हर तो जोडतो, दुकानापाशी नेऊन सोडतो आणि तेथे रिकामा झालेला आदला ट्रेलर घेऊन परततो. जोडण्यासोडण्याला प्रत्येक ठिकाणी अर्धा तास धरला तर एका खेपेला ५ तास पुरतात.

अमेरिकेतील नियमानुसार सलग १० तास विश्रांती घेतलेल्या ड्रायव्हरला कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकता येते. दोन ‘आठ तासी’ खेपा १६ तासांच्या होतात. त्या नियमात बसत नाहीत, म्हणून दिवसाला एकच खेप होते. दोन ‘पाच तासी’ खेपा मात्र १० तासांत होतात आणि त्यांत गाडी हाकणे आठच तास असते. त्याच माणसाने आणि त्याच इंजिनाने दुप्पट माल पोचवला!

यात माणसाच्या हिताचाही प्रश्न आहे. तेथील अनेक ड्रायव्हरांना मजुरी मैलांवर मिळते. नुसते उभे राहण्यात गेलेल्या तासांनी कमाई बुडते, आणि १४ तासांचे घड्याळ तर चालूच राहते. मग उरलेल्या वेळात घाई करण्याचा मोह होतो, आणि ३६ टनांपर्यंत वजन असलेल्या गाडीने घाई करणे फार धोक्याचे असते.

सणाची लाट

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ असतो आणि २५ डिसेंबरला नाताळ. ह्या काळात दुकानांत खरेदीची झुंबड उडते आणि त्याआधीच्या आठवड्यांत रस्त्यांवर मालाची लाट येते. तेवढ्यासाठी नवे ट्रॅक्टर घ्यावेत, तर जानेवारीत ते रिकामे उभे राहणार. ड्रायव्हरही एका महिन्यात तयार होत नाहीत. ट्रेलरला मात्र इंजिन नसते. तो ट्रॅक्टरच्या मानाने बराच स्वस्त असतो आणि हंगामापुरता भाड्यानेही मिळतो. शिवाय दुकानामागे उभा असलेला भरलेला ट्रेलर हे एक तात्पुरते कोठारच असते.

किती ट्रेलर लागतील? जॉन लिटल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली सिद्ध केलेला एक सुंदर नियम येथे कामाला येतो : आवारातील सरासरी संख्या = रोज येणारी संख्या × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. रोज १० ट्रेलर येत असतील आणि प्रत्येक जण दीड दिवस राहत असेल, तर आवारात सरासरी १५ ट्रेलर दिसतील. हंगामात रोज २० येऊ लागले आणि मुक्काम दोन दिवसांचा झाला, तर ४० दिसतील. आवक दुप्पटच झाली, पण जागा जवळजवळ तिप्पट लागली!

आणि इथेच ह्या युक्तीची मर्यादा कळते. घरावरची पाण्याची टाकी नळाला सकाळी आलेले पाणी संध्याकाळपर्यंत पुरवते, पण ती पाणी निर्माण करत नाही. आवारातले ट्रेलरही तसेच आहेत. चार दिवसांची लाट ते सामावून घेतात. परंतु रोज येणारा माल रोज उतरणाऱ्या मालापेक्षा सतत अधिक राहिला, तर टाकी ओसंडणारच. मग आणखी ट्रेलर आणून काही साधत नाही. माल उतरवणारे हातच वाढवावे लागतात.

आता तुम्हीच एक गणित सोडवा. एका आवारात ४० ट्रेलरांची जागा आहे आणि ८ आधीच उभे आहेत. रोज १६ येतात आणि १२ रिकामे होऊन जातात. आवार किती दिवसांत भरेल? आणि रोज १५ रिकामे करता आले तर? दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा. दिवसाला फक्त तीन ट्रेलर अधिक रिकामे केल्याने केवढा फरक पडतो ते पाहून तुम्हांला नवल वाटेल.