कारखाना चालवणाऱ्या रेबेकाचा कागदोपत्री शोध

मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई सातबारा घेऊन बैठकीला आली. नवरा जाऊन चार वर्षं झाली, शेत तीच कसते, पण उताऱ्यावर नाव अजून नवऱ्याचंच. कर्जाचा अर्ज तिथेच अडला. ती म्हणाली, "ताई, मी आहे की नाही या कागदावर?" आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, दोनशे वर्षांपूर्वीची. पण प्रश्न हाच आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यात चेस्टर काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. तिथे १७९४ साली रेबेकाचा जन्म झाला. वडील आयझॅक पेनॉक लोखंडाचे कारखानदार. ब्रँडीवाइन नावाच्या ओढ्याकाठी त्यांचा कारखाना होता. १८१३ मध्ये रेबेकाचं लग्न डॉ. चार्ल्स लुकेन्स यांच्याशी झालं. त्यांनी डॉक्टरकी सोडली, सासऱ्यांचा कारखाना भाड्याने घेतला आणि वाफेच्या बॉयलरला लागणारे लोखंडी पत्रे बनवायला सुरुवात केली.

१८२४ मध्ये वडील गेले, १८२५ मध्ये नवरा. पदरात लहान मुलं, एक पोटात, डोक्यावर कर्ज. जाताना नवऱ्याने सांगितलं, कारखाना चालू ठेव. पण वडिलांच्या मृत्युपत्राने मालमत्ता आईच्या ताब्यात गेली होती. हे बाईचं काम नाही, असं आईलाही वाटत होतं. तरी रेबेका उभी राहिली. कारखान्यातली रोजची देखरेख दिराकडे दिली. खरेदी-विक्री, भाव, पैसा हे तिने स्वतः सांभाळलं आणि कर्ज फेडलं. १८३७ मध्ये मोठी मंदी आली, तेव्हा मजुरांना घरी न पाठवता तिने दुरुस्तीची कामं दिली आणि रोख नव्हती तेव्हा मजुरीपोटी शेतातलं धान्य दिलं.

आता अशा कुटुंबाचा माग काढायचा तर कागद कुठले बघायचे?

पहिला कागद मृत्युपत्र. तिथे मृत्युपत्रं काउंटीच्या कचेरीत नोंदवली जातात. कोणाला काय दिलं, लेकीचं आणि जावयाचं नाव काय, हे त्यात सापडतं. रेबेकाची अडचण इथेच होती. वडिलांनी काय कबूल केलं होतं हे तिच्या मनात पक्कं होतं, पण तोंडी शब्द कागदापुढे टिकत नाही. १८४४ मध्ये आई वारल्यावरही मालकीचा गुंता राहिलाच.

दुसरा कागद खरेदीखत. देणाऱ्याच्या नावाची एक यादी असते, घेणाऱ्याच्या नावाची दुसरी. दोन्ही चाळायच्या. त्या काळी नवऱ्याने जमीन विकली तर बायकोला बाजूला नेऊन विचारत, तुझी राजीखुशी आहे ना? कारण नवऱ्यामागे त्या जमिनीत तिचा हक्क असे. त्यामुळे एरवी कुठेच न दिसणारी बायको विक्रीच्या कागदावर दिसते. लग्न झालेल्या बाईची स्वतःची मिळकत तिचीच राहील, असा कायदा पेनसिल्व्हेनियात १८४८ मध्ये आला.

तिसरा कागद जनगणना. अमेरिकेत ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकी माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. बायको म्हणजे एक आकडा, लेक म्हणजे एक आकडा. बाई नावानिशी दिसायची ती बहुतेक विधवा होऊन घराची प्रमुख झाल्यावर. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहायला लागले. पण त्या वर्षी कामधंद्याचा रकाना फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता! बायकांना तो प्रश्न १८६० मध्ये विचारला गेला. रेबेका १८५४ मध्ये वारली. पंचवीस वर्षांच्या आसपास जिने लोखंडाचा कारखाना सांभाळला, तिला 'तुम्ही काय काम करता' असं जनगणनेने एकदाही विचारलं नाही.

म्हणून शोध घेणाऱ्याने एका कागदावर थांबायचं नसतं. एका कागदात बाई नसली तर दुसऱ्यात शोधायची. पुढे जावयांनी कारखाना सांभाळला आणि १८५९ मध्ये त्याला लुकेन्स हे नाव मिळालं. ते नाव शंभर वर्षांहून जास्त टिकलं.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. या आठवड्यात तीन गोष्टी करा. सातबारा आणि आठ-अ काढून नाव बघा. घराचा नमुना आठ ग्रामपंचायतीतून घ्या. आणि घरातलं माणूस गेलं असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून घरी बसू नका. अर्जाची पोच मागून घ्या, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून वाचा.

आणि जनगणनेचे लोक दारात येतील तेव्हा "मी काय, घरीच असते" असं म्हणू नका. शेतात राबता, शेळ्या पाळता, शिलाई करता, ते सगळं सांगा. आपल्याकडे तो प्रश्न बाईलाही विचारतात. उत्तर मात्र आपणच द्यायचं.

त्या ताईचा अर्ज आम्ही चौघींनी सोबत जाऊन दिला. पोच तिने गटाच्या वहीत जपून ठेवली आहे. नवा उतारा आला की पुढच्या बैठकीत तीच तो मोठ्याने वाचणार आहे.