कोरड्या नदीत बुडालेला माणूस

जादुई वास्तववाद वाचताना : भाग 6

मागच्या आठवड्यात आपण मार्केसच्या कादंबरीतल्या माकोंदो या गावात होतो. तिथून परतताना बहुतेकांच्या डोक्यात एक समज पक्का होतो : असल्या गोष्टींना गावच लागतं. केळीच्या बागा हव्यात, मोडका वाडा हवा, मेलेल्यांशी बोलणारी आजी हवी. अंधेरी-घाटकोपरच्या वाचकाला मग ही मंडळी लांबची वाटू लागतात. आपल्याकडे काय, तर लोकल आणि सोसायटीची मीटिंग!

म्हणून आज मुद्दाम शहरातली कादंबरी घेतली आहे. ‘द रोड टू तामासुंचाले’, लेखक रॉन आरियास, प्रकाशन 1975. आरियास यांचा जन्म 1941चा, लॉस एंजेलिसमधला. ते चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळांचे अमेरिकन, आणि पेशाने पत्रकार. त्याच पिढीतल्या रुडोल्फो अनाया यांची ‘ब्लेस मी, उल्टिमा’ (1972) शाळा-कॉलेजांत पोचली. आरियास यांचं हे लहानसं पुस्तक मात्र अभ्यासकांच्या कपाटातच राहिलं. माझ्या मते दोन्हींत हेच अधिक धीट आहे.

फाउस्तो तेहादा हा म्हातारा दारोदार विश्वकोश विकून निवृत्त झालेला. बायको वारली आहे, भाची कार्मेला त्याचं करते, आणि मरण जवळ आलं आहे. सुरुवातीलाच तो अंगावरची कातडी सोलून काढतो. भाचीला त्यात फार दखल घेण्याजोगं काही दिसत नाही. पुढे तो पेरूला जाऊन येतो. पेरूचा एक मेंढपाळ अल्पाकांचा कळप घेऊन लॉस एंजेलिसच्या रहदारीत उगवतो. आणि वस्तीलगतच्या कोरड्या नदीपात्रात एका तरुणाचं प्रेत सापडतं. तो बुडून मेलेला आहे.

इथे सावध वाचक म्हणतो, म्हातारा आजारी आहे, हे सगळं त्याच्या तापातलं. पेरूपुरतं हे चालून जातं. पण प्रेताचं काय करायचं? ते अख्ख्या वस्तीला दिसतं. लोक त्याचं नाव ठेवतात, दाविद. एकटीनं आयुष्य काढलेल्या रेंतेरियाबाई त्याला घरी नेतात, न्हाऊ घालतात, कपडे चढवतात आणि नवरा मानतात. पाणी नसलेल्या नदीत माणूस बुडाला कसा, याची चौकशी बाजूला पडते. नवी अडचण निराळीच असते : प्रेताला वास येऊ लागतो. या प्रकारच्या लेखनाचं यंत्र इथे उघडं दिसतं. चमत्कार एका वाक्यात उरकायचा आणि त्यानंतरच्या कामांना पानंच्या पानं द्यायची. मार्केसचीही बुडालेल्या देखण्या माणसाची एक कथा आहे, पण तिथे समुद्र आहे. आरियासनी समुद्र काढून घेतला आणि शहराची नदी ठेवली.

लॉस एंजेलिसची नदी 1938च्या पुरानंतर बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या पात्रात कोंडण्यात आली. हे वाचताना बोरिवलीकराला दहिसर नदी आठवावी, अंधेरीकराला मिठी. आपणही त्यांना नालाच म्हणतो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की उपनगरांतून नदी वाहते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2006मध्ये, याच मिठीच्या मुखाशी माहीमला समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. लोक बाटल्या घेऊन धावले, पाणी प्यायले, लेकरांना पाजलं. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडीत आल्यानं खारटपणा उतरतो, असं तज्ज्ञांनी सांगितलं. पालिकेनं पिऊ नका म्हणून बजावलं. दोघांचंही बरोबर होतं. पण कादंबरीकार तज्ज्ञांपासून सुरुवात करणार नाही. बाटली कुणी आणली, घरी नेऊन ती फ्रिजमध्ये ठेवली की देव्हाऱ्यात, सुनेनं ती गुपचूप ओतून दिली का, हे तो आधी विचारेल.

मात्र आरियास वाचताना ‘भोळे लोक, भोळ्या समजुती’ असं म्हणून मोकळं होऊ नये. त्यांची वस्ती भोळी नाही. सीमेपलीकडून चोरून आलेली माणसं तिथे पोचतात; त्यांना थारा द्यायचा तर कागदपत्रांचा आणि पोलिसांचा प्रश्न असतो. वस्ती मग एक नाटक बसवते, कादंबरीच्याच नावाचं. तामासुंचाले हे मेक्सिकोतलं खरंखुरं गाव, सान लुईस पोतोसी राज्यातलं. पण नाटकात ते नकाशावरचं उरत नाही. जिथे कागद दाखवावे लागत नाहीत अशी ती जागा होते. मरणाची वाट आणि स्थलांतराची वाट आरियास इथे एकच करून टाकतात, आणि हसवत हसवत करतात. शेजारीपाजारी मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या सहलीत सामील होतात, हे मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

वाचताना एकच पथ्य पाळा : ‘हे खरं घडलं का’ असं पानोपानी विचारत बसू नका, आणि मधल्या उड्यांना घाबरून मागे फिरू नका.

पुढच्या आठवड्यात घराजवळ येऊ. बोरिवलीत राहिलेल्या जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला 2012चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गिरण्या गेल्यावरच्या मुंबईत अद्भुत कुठून शिरतं, ते त्यात पाहू. जमल्यास तोवर संग्रह मिळवून ठेवा.