बोर्ड बदलला, कार्ड अडलं

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांची दाटी आहे. अशा गाळ्यातलं जुनं मिलिंग मशीन संगणकावर आणायचं, तर लिनक्ससीएनसी हे मुक्त सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरही चालतं. खरी पंचाईत होते ती बोर्ड जळल्यावर. तोच बोर्ड बाजारात नसेल, म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणून त्यात जुनं मेमरी कार्ड घातलं, तर बहुधा पडद्यावर काहीच उमटत नाही.

वीज आल्यापासून लिनक्स सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत याचं कारण आहे. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक इवलासा प्रोग्राम असतो. पुढचा प्रोग्राम तो ठरलेल्या जागीच शोधतो. ऑलविनरची चिप कार्डावर ८ किलोबाइटनंतर पाहते, तर रॉकचिपची ३२ किलोबाइटनंतर. रास्पबेरी पायची तऱ्हा तिसरीच. तिथल्या बहुतेक मॉडेलांत आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि कंपनीच्या बंदिस्त फर्मवेअरने, म्हणजे हार्डवेअर जागं करणाऱ्या सॉफ्टवेअरने, मुख्य प्रोसेसर सुरू करतो. मग रॅम कामाला लावायची, कुठे काय जोडलंय याची यादी, म्हणजे डिव्हाइस ट्री, लिनक्सच्या हाती द्यायची. ही सगळी जुळवाजुळव त्या त्या बोर्डापुरती असते आणि बहुधा कार्डावरच ठेवलेली असते. त्यामुळे सहसा दर बोर्डाला लिनक्सची वेगळी इमेज लागते.

पीसीने हा प्रश्न केव्हाच सोडवला. १९८१च्या आयबीएम पीसीत बायोस, म्हणजे सुरुवातीची जुळवाजुळव करणारा प्रोग्राम, मुख्य बोर्डावरच होता. कॉम्पॅक आणि फिनिक्स यांनी त्याच्याशी जुळणारे बायोस स्वतंत्रपणे लिहिले आणि इतर कंपन्यांना रान मोकळं झालं. आज बायोसची जागा घेतलेल्या यूईएफआय या प्रमाणित पद्धतीमुळे एकाच पेनड्राइव्हवरून बहुतेक पीसींवर लिनक्स बसतं.

छोट्या बोर्डांची वाटही तिकडेच वळते आहे. व्होल्फगांग डेंक यांनी सुरू केलेल्या यू-बूट या मुक्त बूटलोडरला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, २०१६ पासून यूईएफआयची भाषा कळू लागली. चिपचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीच्या पुढाकाराने ईबीबीआर ही नियमावली आली. फर्मवेअरने किमान काय पुरवायचं, हे त्यात ठरलेलं आहे. सॅम्युएल डिऑन-रिएल यांच्या टो-बूटने यू-बूटलाच आधार असलेल्या सगळ्या बोर्डांवर एकसारखा चेहरा दिला. पाइनफोन प्रो हा लिनक्स फोन २०२२ पासून टो-बूट घेऊनच येऊ लागला. त्यात फर्मवेअर स्वतंत्र फ्लॅश चिपमध्ये राहतं, त्यामुळे कार्ड पुसलं तरी ते शाबूत असतं.

अर्थात, बोर्डावरच्या भागांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये नसतील तर प्रमाणित फर्मवेअरही हतबल ठरतं.

म्हणून बोर्ड घेताना किंमत आणि रॅम पाहून थांबू नका. फर्मवेअरसाठी वेगळी फ्लॅश आहे का, यूईएफआय चालतं का आणि मूळ लिनक्समध्ये बोर्डाला आधार आहे का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर उद्या दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर मशीन चालवणं सोपं जाईल.