दाताच्या मुळाशी (भाग ६) : धुलाई किती, आणि कशाने?

पूर ओसरला की काशीच्या घाटांवर पंप लागतात. गंगेने पायऱ्यांवर टाकलेला गाळ माणसं जाड नळीच्या धारेने परत नदीत लोटतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या भोसले घाटावर ही धुलाई पाहत मी बराच वेळ उभी होते. उघड्या पायरीवरचा गाळ झटक्यात निघे. दोन चिऱ्यांच्या सांधीत बसलेला मात्र हलत नव्हता. तिथे नळीचं तोंड टेकवून धरावं लागे. शेजारच्या झिजलेल्या कडेवरून मी बोट फिरवलं, तर वाळूचे कण हाताला लागले. कण शाबूत होते, त्यांना धरून ठेवणारं निघून गेलं होतं.

दाताच्या मुळातही असंच असतं. गेल्या भागात आपण मुळाची पोकळी घासणारी फाइल पाहिली. मुळातली पोकळी सरळ, गोल नसते. ती कुठे चपटी असते, कुठे तिला फाटे फुटतात. सूक्ष्म स्कॅनच्या अभ्यासांत तिथली तिसऱ्या हिश्शाहून अधिक भिंत फाइल न लागता राहिलेली दिसली आहे. आणि जिथे फाइल लागते तिथे ती भुश्शाचा पातळ लेप थापून ठेवते. उरलेलं सगळं काम धुण्याचं.

आता भिंत कशाची आहे ते पाहू. ती असते डेंटिनची. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग आणि बाकी पाणी असतं. सेंद्रिय भाग बहुतांशी कोलॅजेनचा. खनिजामुळे दात कडक राहतो, कोलॅजेनमुळे चिवट.

दवाखान्यात ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरच्या ब्लीचचंच भावंड. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिनने अर्धा टक्का द्रावणाने जखमा धुतल्या. दाताच्या मुळात आज ते अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. हायपो जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं. ही दोन्ही कामं करणारं दुसरं औषध नाही. पण मेलेली नस कुठली आणि भिंतीतलं कोलॅजेन कुठलं, हे त्याला कळत नाही. डेंटिनच्या पट्ट्या तीन आणि पाच टक्क्यांच्या हायपोत दोन तास ठेवल्यावर वाकवताना कमी जोरात मोडल्या, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तोंडात सगळा दात काही हायपोत बुडत नाही, झळ आतल्या पृष्ठभागालाच लागते. दात तुटण्याचं मोठं कारण किडीने आणि कोरण्याने गेलेला भाग हेच आहे. तरीही जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं, हे मला पटत नाही. ताजं द्रावण, भरपूर आणि पुन्हा पुन्हा, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

भुश्शाच्या लेपातलं खनिज हायपोला निघत नाही. त्यासाठी १७ टक्के ईडीटीए; ते कॅल्शियमला धरून बाहेर ओढतं. एक मिनिट पुरतं. दहा मिनिटं ठेवलं तर डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांची तोंडं रुंदावतात, भिंत खाल्ली जाते. म्हणून माझ्या ट्रेवर ईडीटीएच्या सिरिंजशेजारी घड्याळ असतं.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी हायपो असेल, तर खनिज कोलॅजेनला आडोसा देतं. ईडीटीएने तो आडोसा काढल्यावर पुन्हा बराच वेळ हायपो घातलं, तर उघडं पडलेलं कोलॅजेन जातं आणि झीज वाढते. दोन्ही एकत्र आली तर हायपोतलं क्लोरीन निकामी होतं. हायपोत क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक मिसळलं, तर तपकिरी गाळ बनतो, दात डागाळतो आणि नलिका बुजतात. म्हणून मध्ये सलाइनने धुऊन पोकळी कोरडी करायची.

हायपोने मागे ठेवलेला ऑक्सिजन चिकटवण्याच्या रेझिनला नीट धरू देत नाही. पोस्ट (मुळात रोवायची काडी) किंवा फिलिंग चिकटवायचं असेल, तर काही डॉक्टर आधी सोडियम अॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, फिरवून घेतात.

एवढी सगळी औषधं मुळात उतरतात ती केसासारख्या बारीक सुईतून. ती सुई टोकापासून किती अलीकडे थांबवायची, आणि हायपो मुळाबाहेर गेलं तर काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.