शाळेच्या यादीतला तिसरा रकाना

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि राज्यभर वाद पेटला तो शाकाहार-मांसाहाराचा. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा स्थानिक फळ द्यावं, असं ठरलं. पुढे मुलं ओळखू यावीत म्हणून ओळखपत्रांवर रंगीत ठिपके लावायची सूचना निघाली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधीच थांबला. लोकवर्गणीतून जमत असेल तर द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. या सगळ्या चर्चेत रकाने राहिले दोनच, खाणारे आणि न खाणारे. ज्याच्या घरी कोंबडी-मटण सगळं चालतं, पण अंड्याच्या एका घासानं ज्याचा श्वास कोंडू शकतो, त्या मुलाचं नाव कुठं लिहायचं, हे कुणी विचारलं नाही.

गेवराई तालुक्यातलं उमापूर घ्या किंवा बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. असं मूल ओळखू येतं ते बहुधा वर्षाच्या आत-बाहेर. मऊ वरणभात पचायला लागला की कुणीतरी कौतुकानं उकडलेल्या अंड्याचा तुकडा भरवतं. पाच-दहा मिनिटांत ओठांभोवती लाली येते, मग अंगभर गांधी उठतात, पापण्या सुजतात, एखादी उलटी होते. घरात निदान होतं, ‘उष्ण पडलं’. आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं जातं, तास-दोन तासांत सगळं ओसरतं आणि पुढच्या खेपेला सल्ला मिळतो, ‘बॉयलरचं नको, गावरान आण.’ गावरान अंड्यातही तीच प्रथिनं असतात. बदकाच्या आणि लावरीच्या अंड्यातली प्रथिनंसुद्धा इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला एक चालत नाही त्याला बहुधा दुसरंही चालत नाही.

ही खरं तर अंड्याची ॲलर्जी. त्रास मुख्यतः पांढऱ्याचा. पिवळा बलक कितीही काळजीपूर्वक वेगळा काढला तरी त्याला पांढरं लागलेलं राहतंच, म्हणून ‘नुसतं पिवळं देऊ’ ही पळवाट चालत नाही.

हे पांढरं म्हणजे निसर्गाच्या कारागिरीचा विलक्षण नमुना आहे. एकवीस दिवस उबेत राहूनही अंडं नासत नाही, कारण त्यातली प्रथिनं पहारा देत असतात. एक प्रथिन लोह पकडून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं. लायसोझाइम जंतूंची भिंतच फोडतं. पेनिसिलिनच्या आधी काही वर्षं अलेक्झांडर फ्लेमिंग यांना हेच लायसोझाइम नाकातल्या स्रावात सापडलं होतं. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका एन्झाइमची त्रिमितीय रचना जगात प्रथमच उलगडली गेली, तीही अंड्यातल्या याच लायसोझाइमची. तिचं श्रेय डेव्हिड फिलिप्स यांच्या नावावर जातं. पण हे एन्झाइम आपलं काम कसं करतं ते दाखवण्यात त्यांची तरुण विद्यार्थिनी लुईस जॉन्सन यांचा वाटा मोठा होता आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

पहारेकऱ्यांतला सर्वांत चिवट म्हणजे ओव्होम्युकॉइड. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाच तो अडवतो. पांढऱ्यात सगळ्यांत जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन. या दोघांतला फरक ऊसतोडीच्या गावांना मोळीवरून चटकन कळेल. ओव्हाल्ब्युमिनच्या लांबलचक साखळीला आतून एकच गंधकाचा बंध असतो. आच लागली की ती मोळी विस्कटते. ओव्होम्युकॉइडची साखळी त्याच्या निम्म्याहून आखूड, पण नऊ ठिकाणी करकचून बांधलेली. उकळत्या पाण्यातून ती बऱ्याच अंशी शाबूत बाहेर पडते आणि जठरातल्या आम्लालाही लवकर दाद देत नाही. शरीरातली ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडं रेणूचा आकार ओळखतात. आकार मोडला तर ती फसतात, टिकला तर सावध होतात.

म्हणून स्वयंपाकघरात सगळं अंडं सारखं नसतं. अर्धवट शिजलेलं हाफ फ्राय सगळ्यांत धोक्याचं, घाईत परतलेली भुर्जी त्याच्या खालोखाल, मग उकडलेलं अंडं. मैद्यात कालवून अर्धा तास भट्टीत भाजलेल्या केकमधलं अंडं मात्र वेगळंच ठरतं, कारण तिथे उष्णतेच्या जोडीला गव्हाची प्रथिनंही ओव्होम्युकॉइडला गुंतवून ठेवतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये अंड्याच्या ॲलर्जीच्या मुलांना असं भाजलेलं अंडं देऊन पाहिलं, तेव्हा बहुतेकांना ते चाललं. ही परीक्षा त्यांनी रुग्णालयात, औषध हाताशी ठेवून घेतली होती. केक चालतो का, हे वाढदिवसाच्या दिवशी घरी करून पाहू नये. ज्यांना तो चालत नाही, त्यांचीच ॲलर्जी सहसा चिवट असते.

रोजच्या जेवणात फसगत होते ती तव्यावर. थोरल्या भावासाठी ऑम्लेट टाकलं, त्याच तव्यावर धाकट्याचं धिरडं. भुर्जी हलवलेला झारा तसाच भाजीत. अंडाकरीतलं अंडं बाजूला काढून ‘नुसता रस्सा खा’ म्हणणं. तवा साबणानं घासून धुतला तर पुरे, नुसता फडक्यानं पुसून भागत नाही. घरातल्या इतरांनी अंडं सोडायची गरज नसते. त्यांचं ताट वेगळं आणि हात धुतलेले असले की झालं.

बाहेरच्या खाण्यात भारतीय आईला एक सोय आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका निघाला तो शाकाहाऱ्यांसाठी, पण आपल्या अन्न नियमांत अंडं मांसाहारात धरलं जात असल्यानं तो ठिपका असलेल्या बिस्किटात घटक म्हणून अंडं नसतं. एगलेस केकही तालुक्याच्या गावात सहज मिळतो. पण बेकरीतला सुटा माल, वरून अंड्याचा हात फिरवून चकाकी आणलेले पाव, यांवर ठिपका कुठून असणार? तिथे विचारूनच घ्यावं लागतं.

शाळेच्या यादीत तिसरा रकाना हवा तो यासाठी. सोललेलं उकडलेलं अंडं वेगळं वाटलं तर मूल ते टाळू शकतं. पण शालेय आहाराच्या पाककृतींत आलेल्या अंडा पुलावात अंडं शितागणिक मिसळलेलं असतं, आणि तोच डाव साध्या खिचडीत गेला तर ओळखपत्रावरचा हिरवा-लाल ठिपका काय कामाचा? आवड-निवड आणि श्रद्धा यांपलीकडचं ‘वैद्यकीय कारण’ स्वयंपाकी मदतनीस आणि वर्गशिक्षक, दोघांनाही माहीत असलं पाहिजे.

या ॲलर्जीचा इतिहास वाचताना एका विस्मृत डॉक्टरपाशी थांबावंसं वाटतं. इंग्लंडमधले अल्फ्रेड शोफिल्ड. १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी एका १३ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. अंड्याचा अंश जरी पोटात गेला तरी त्या मुलाला दम लागायचा, गांधी उठायच्या. शोफिल्ड यांनी गोळ्यांतून त्याला अंड्याचा दहा हजारावा भाग द्यायला सुरुवात केली, मात्रा हळूहळू वाढवली आणि काही महिन्यांनी तो मुलगा अंडं खाऊ लागला. आयजीईचा शोध तेव्हा अजून अर्धशतकाहून अधिक दूर होता. ही कल्पना काटेकोर चाचणीतून मोठ्या प्रमाणावर पारखली गेली ती थेट २०१२ मध्ये. अमेरिकेत ४० मुलांना अंड्याच्या पांढऱ्याची पूड वाढत्या मात्रेत दिली. २२ महिन्यांनी ७५ टक्के मुलं ठरलेली मात्रा पचवू लागली. पण डोस काही आठवडे थांबवल्यावर ती सहनशक्ती २८ टक्क्यांतच टिकलेली दिसली. ‘ॲलर्जी मुळापासून घालवतो’ अशा जाहिरातींसमोर हे दोन आकडे ठेवून पाहावेत.

तशीच सावधगिरी त्या महागड्या रक्तचाचण्यांबाबतही हवी, ज्यांत शंभरेक पदार्थांची यादी हातात ठेवली जाते. त्यांतल्या अनेक चाचण्या आयजीई नव्हे, तर आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड मोजतात. ते वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ पोटात गेला होता, इतकंच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ मध्येच या चाचण्यांवर निदान करू नये, असं बजावलं आहे. आयजीई चाचणीसुद्धा एकटी पुरत नाही. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत अनेकांच्या रक्तात एखाद्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी अन्नॲलर्जी असण्याची शक्यता फक्त ०.१४ टक्के मुलांत दिसली. निदान ठरतं ते हकिकतीवरून: काय खाल्लं, कसं शिजवलेलं होतं, किती वेळात काय झालं.

इतक्या थोड्या मुलांना होणाऱ्या ॲलर्जीच्या भीतीनं बाकीच्या तान्ह्यांचं अंडं लांबवणं हा मात्र उलटा उपाय ठरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड किंचित मात्रेत रोज दिली आणि त्वचेवर उपचारही चालू ठेवले. वर्षाच्या वयात त्या गटात ८ टक्के बाळांना अंड्याची ॲलर्जी होती. ज्यांना अंडं दिलं नाही त्यांच्यात ३८ टक्क्यांच्या आसपास. बीडसारख्या जिल्ह्यात अंडं हे सर्वांत स्वस्त उत्तम प्रथिनांपैकी एक आहे, हेही विसरून चालणार नाही.

ज्याला ॲलर्जी आहे, त्याचा आवाज बसला, छातीतून शिट्टी वाजू लागली, उलट्या थांबेनात किंवा अंग सैल पडलं, तर सेटिरिझिनच्या सिरपनं भागत नाही. ते गांधी कमी करतं, श्वास सोडवत नाही. श्वास सोडवतं ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. परदेशात मिळणारं पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही. पण साधी ॲम्प्यूल अगदी स्वस्त असते. लसीकरणाच्या दिवशी गावात येणाऱ्या परिचारिकेच्या पेटीतही ती ठेवलेली असते. तेव्हा १०८ ला फोन करून थेट जवळचं आरोग्य केंद्र गाठायचं, मुलाला आडवं ठेवायचं. दम लागत असेल तर बसू द्यायचं.

त्याच परिचारिकेकडून मिळणाऱ्या लशीबद्दलही एक गैरसमज फिरतो: अंडं चालत नाही, मग गोवराची लस नको. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतले विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवलेलेच नसतात, मानवी पेशींवर वाढवलेले असतात. ज्या लशींसाठी कोंबडीच्या पेशी वापरतात, त्या गोवराच्या लशीही अशा मुलांना सुरक्षित ठरल्या आहेत. आफ्रिकेत जाण्यापूर्वीच्या पिवळ्या तापाच्या लशीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. नवव्या महिन्यातली आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवर-रुबेलाची मात्रा मात्र अंड्याच्या कारणानं एक दिवसही पुढं ढकलायची नसते.