पेपरमिंटचें तेल

ओव्याचें फूल, पेपरमिंटचें फूल व कापूर हे तीन जिन्नस एका शिशींत घातले असतां आपोआप पातळ होतात, हें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु यांतील पेपरमिंटचें फूल येतें कोठून असें विचारल्यास पुष्कळ शेतकरी बंधु परसांतील पुदिन्याकडे बोट दाखवितील. ती समजूत चुकीची आहे. चटणीच्या पुदिन्याच्या तेलांत कार्व्होन हें द्रव्य मुख्य असून थंडावा देणारें मेंथॉल नांवापुरतेंच असतें. खरा पेपरमिंट हा त्याचा व पाणपुदिन्याचा संकर होय. त्यास बीं धरत नाहीं; मुळ्या लावूनच तो वाढवावा लागतो. पूर्वीं इंग्लंडांतील मिचम गांव याच्या तेलाकरितां प्रसिद्ध होतें. आतां अमेरिकेंत ऑरेगॉन, वॉशिंग्टन इत्यादि संस्थानांत हें पीक निघतें. गोळ्या व दंतमंजन यांच्या स्वादास हें तेल उत्तम मानितात.

आपल्या देशांत, विशेषतः उत्तर प्रदेशांत बाराबंकीकडे, पिकतो तो जपानी पुदिना. व्यापारी त्यास मेंथा म्हणतात. त्याच्या तेलांत शेंकडा ७० ते ८० मेंथॉल असतें, व तेल थंड केलें कीं त्याचे खडे जमतात. तींच आपलीं फुलें.

ज्यास हें पीक करावयाचें असेल त्यानें आधीं भट्टी पाहावी, मग रान. बहुतेक तेल पानांत असतें. फुलावर येतांच, कोरड्या उन्हाच्या दिवशीं कापणी करावी; उशीर झाल्यास खालचीं पानें गळून तीं मातीस मिळतात. पाला कांहीं तास सुकूं द्यावा, मात्र ढीग घालूं नये, तो तापून कुजतो. भट्टींत पाला जाळीवर व पाणी जाळीखालीं असावें. पाला तळास लागून करपला तर त्याचा वास तेलांत उतरतो, आणि मग घेणारा भाव पाडतो. तो वास सहजासहजीं जात नाहीं. वाफ थंड करणारें पाणी गार नसेल तर तेल हवेंत जातें. हौदास काटकसर करणारे येथेंच नाडले जातात! तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें वर तरंगतें. तें निथळून, पाण्याचा अंश राहूं न देतां, कोरड्या डब्यांत कांठोकांठ भरून अंधारांत ठेवावें.

उन्हाळ्यांत या पिकास वरचेवर पाणी लागतें, म्हणून ज्याची विहीर चैत्रांत तळ गांठते त्यानें याच्या नादीं लागूं नये. शिवाय जर्मनी व जपान येथील कारखान्यांत मेंथॉल कृत्रिम रीतीनेंही तयार होतें, त्यामुळें भाव एकसारखा टिकत नाहीं. पहिल्या वर्षीं दहा-वीस गुंठेच लावावे.