घटसर्पाचे विष आणि लोहाचे कुलूप

घटसर्प झालेल्या मुलाच्या घशात बॅटरी मारली की टॉन्सिलवर राखाडी, चिवट पडदा दिसतो. पुसायला गेले तर रक्त येते, म्हणून तो खरवडायचा नाही, असे आम्हा परिचारिकांना शिकवलेले असते. पण मूल दगावते ते फक्त श्वास कोंडून नव्हे. जंतू घशातच बसून विष तयार करतो. ते रक्तातून हृदयाला आणि नसांना पोचते. घसा बरा वाटू लागल्यावरही दुसऱ्या आठवड्यात हृदय दगा देऊ शकते.

हे विष कधी बनवायचे, ते जंतूमधले एक छोटे प्रथिन ठरवते. नाव डीटीएक्सआर, लांबी २२६ अमिनो आम्ले. आपल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ असतात. जंतूजवळ लोह पुरेसे असले की ते या प्रथिनाला चिकटते, प्रथिनाचा आकार जरासा बदलतो आणि ते जोडीने विषाच्या जनुकाच्या तोंडाशी डीएनएवर जाऊन बसते. जनुक वाचलेच जात नाही, विष बनत नाही. लोह कमी पडले की प्रथिन सुटते, कुलूप उघडते. माणसाचे शरीर लोह मोकळे सोडत नाही, बांधून ठेवते. म्हणून घशात कुलूप उघडेच राहते.

यात विशेष म्हणजे विषाचे जनुक मुळात जंतूचे नाहीच. जंतूला लागणारा एक विषाणू ते आणतो. १९५१ मध्ये फ्रीमन यांनी हे दाखवले. माल विषाणूचा, कुलूप जंतूचे!

लोह वाढले की विष घटते, हे पापेनहायमर आणि जॉन्सन यांनी १९३६ मध्येच मांडले होते. लसीसाठी जंतू वाढवताना म्हणूनच लोह मोजून कमी ठेवतात, म्हणजे विष भरपूर मिळते. मग फॉर्मालिनने ते निकामी करून त्याची लस करतात.

हे वाचून कोणी रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नयेत, आणि घटसर्प टाळायला जास्तही खाऊ नयेत. गोळ्यांनी घशातले कुलूप लागत नाही. त्यासाठी लसच.

आणि लस अर्धवट नको. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस झाले की कार्ड पेटीत जाते, हे आम्ही वस्तीत नेहमी पाहतो. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत बूस्टर आहेत. १० आणि १६ व्या वर्षी टीडी आहे, आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते. लसीची ताकद वर्षांगणिक उतरते, म्हणून हे डोस. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात.

घशात पडदा, ताप, गिळताना त्रास, सुजलेली मान दिसली तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिविषाचे इंजेक्शन रक्तातले विष अडवते. पेशीत शिरलेले विष त्याला बाहेर काढता येत नाही. घरातल्या इतरांनाही तपासून घ्या.